इंटरव्हल कुठं पडला?

वाघमारेसाब गेल्याचं मला कळलं तेव्हा मी थिएटरात होते. नोव्हेंबरातला शुक्रवार, सकाळी सव्वादहाचा खेळ, आणि भल्यामोठ्या पडद्यासमोर मोजून पाच माणसं. हिंदीतला नवा पिक्चर होता. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण पुढचा शुक्रवार काही त्यानं पाहिला नाही. इंटरव्हल झाला, दिवे लागले. मी सवयीनं आधी घड्याळ पाहिलं, पर्समधल्या चिठ्ठीवर वेळ आणि प्रसंग टिपला आणि मग फोन बाहेर काढला. वत्सलावहिनींचे चार मिस्ड कॉल होते. मी फोन लावला तेव्हा वहिनींचा आवाज अगदी स्वच्छ होता. म्हणाल्या, "ताई, साब गेले वो. तुमचा पिक्चर सुटल्यावरच सांगावं म्हणलं होतं, पर ऱ्हावलं नाही..." ज्या बाईचा नवरा तासाभरापूर्वी गेला, ती माझा पिक्चर सुटायची वाट पाहत होती. त्या घरात शुक्रवारचा पिक्चर ही काय चीज होती ते एवढ्यावरून कळावं. मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि अंबरपेठेला त्यांच्या घरी निघाले. त्या पिक्चरमध्ये पुढं काय झालं ते मला आजही माहीत नाही.

किसनराव वाघमारे हे कोणी सिनेमातले गृहस्थ नव्हते. आबिड्सला आमची विम्याची कचेरी होती, तिथल्या रेकॉर्ड खात्यात त्यांनी उभी नोकरी केली. हैदराबादच्या कचेऱ्यांत सगळेच एकमेकांचे 'साब' असतात, पण हे साब असे काही चिकटले, की त्यांच्या सुनासुद्धा त्यांना साबच म्हणायच्या. त्यांचा खरा उद्योग शुक्रवारी चाले. शहरात लागलेला प्रत्येक नवा हिंदी पिक्चर स्वतः थिएटरात जाऊन, पाट्यांपासून शेवटापर्यंत पाहायचा आणि वहीत नोंदवायचा. सालाला एक वही. अशा एक्केचाळीस वह्या त्यांनी भरल्या. एक्केचाळिसावीत एक ओळ माझ्यामुळे खोटी गेली, आणि मी ती कबूल करायच्या आत ते गेले... गेले कित्येक आठवडे मी हाच सल घेऊन फिरत होते. हा लेखही खरं तर त्यासाठीच लिहायला घेतला आहे.

मी कचेरीत लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. आमचं घर वकिलांचं. आजोबा, वडील, दोन काका, सगळे काळे कोट. साक्षीपुराव्याखेरीज आमच्याकडे दुसरी करमणूक नव्हती आणि सिनेमा हा शब्द जेवणाच्या पानावर कोणी काढत नसे. अशा घरातून आलेली मी पहिल्याच महिन्यात एक अजब प्रकार पाहिला. रेकॉर्ड खात्यातले एक गृहस्थ दर शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकत आणि रजेच्या कारणात सरळ लिहीत, 'नवीन पिक्चर पाहणे'. आमचे अधिकारी तेलुगू होते, मनानं चांगले, पण कडक. त्यांनी वाघमारेसाबांना बोलावून समजावलं, की अहो, 'घरगुती काम' असं लिहा, मी डोळे मिटून सही करतो. साब म्हणाले, घरगुती काम नाहीच आहे तर लिहू कसं? तिघाचौघांच्या देखत हे झालं. अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला आणि सही केली. पुढं ते निवृत्त होईपर्यंत त्या कारणावर सही करत राहिले. निरोपसमारंभात त्यांनी साबांनाच विचारलं, या शुक्रवारी काय लागलंय?

मला हा माणूस आधी चक्रम वाटला, हे लपवत नाही. मग एक दिवस काही जुनी कागदपत्रं शोधायला मी त्यांच्या टेबलापाशी गेले तेव्हा ड्रॉवरमध्ये ती वही दिसली. जाड पुठ्ठ्याची, लांबट. डाव्या पानावर तारीख, पिक्चरचं नाव, थिएटर आणि डिंकानं चिकटवलेलं तिकीट. उजव्या पानावर दोनच रकाने. एक 'इंटरव्हल' आणि दुसरा 'मत'. मत म्हणजे एक ओळ, जास्त नाही. 'गाणी सहा, गरज एकाची.' 'पहिला भाग बरा. दुसऱ्याला दिग्दर्शक गावी गेला असावा.' 'हिरोपेक्षा घोडा चांगला.' आणि मध्येच कुठंतरी, 'रडू आलं. कारण सांगता येत नाही.' मी उभ्या उभ्या तीन पानं वाचून काढली. वर पाहिलं तर साब समोर. ते काही रागावले नाहीत. उलट विचारलं, "ताई, तुमी शेवटला पिक्चर कोणता बघितलाव?" मी सांगितला. शाळेच्या सहलीत पाहिला होता. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की चार दिवस उपाशी असलेल्या माणसाकडेच तसं पाहावं.

पुढच्या शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांच्याबरोबर म्हणजे वत्सलावहिनींबरोबर. वहिनी अंबरपेठेहून रिक्षानं परस्पर क्रॉस रोडच्या थिएटरांपाशी यायच्या, डब्यात मुरमुऱ्याचा चिवडा घेऊन. आम्ही दोघी शेजारी आणि साब पलीकडच्या कडेला, गुडघ्यावर घड्याळ उतरवून ठेवलेलं. पिक्चर चालू असता ते एक शब्द बोलत नसत आणि कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. इंटरव्हल झाला की पहिलं काम, वेळ आणि प्रसंग टिपणं. मग चिवडा. त्या दिवशी बाहेर पडल्यावर मी विचारलं, की बाकी सगळं कळलं, पण इंटरव्हलला एवढा मान का? ते म्हणाले, माणूस बोलता बोलता कुठं थांबतो यावरून त्याला काय सांगायचंय ते कळतं. मला ते तेव्हा फार मोठं काही वाटलं. खरं कारण मात्र निराळं होतं, आणि ते त्यांनी मला पाच-सहा वर्षांनी सांगितलं.

साबांचे वडील नांदेडकडच्या एका खेड्यातून हैदराबादला आले. गावात त्यांना विहिरीवर पाणी भरू देत नसत, त्या जिण्याला विटून आले. इथं एका टॉकीजमध्ये बॅटरीवाल्याची नोकरी मिळाली. अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्ची दाखवायची. उशिरा येणारे येतच राहायचे, म्हणून इंटरव्हलपर्यंत त्यांना आत उभं राहावं लागे. इंटरव्हलनंतर कोणी नवं येत नाही, तेव्हा पुढच्या खेळाची रांग सांभाळायला त्यांना बाहेर पाठवत. असं पंचवीस वर्षं. शेकडो पिक्चर त्यांनी इंटरव्हलपर्यंत पाहिले आणि एकही पुरा पाहिला नाही. घरी आल्यावर मात्र मुलांना पुरी गोष्ट सांगायचे. इंटरव्हलपर्यंत पाहिलेली आणि पुढची स्वतःच्या मनानं रचलेली. मुलांना काय ठाऊक? साब शाळेत ती गोष्ट छातीठोकपणे सांगायचे, आणि ज्यांनी पिक्चर पाहिलेला असे ती पोरं हसायची. एकदा तर सगळा वर्ग हसला. "तवा बापाचा लई राग आला वो ताई," साब म्हणाले होते. "खोटं कामून सांगतो म्हणून. चार दिस बोललोच नाही त्याच्यासंगं." ज्या साली वडील वारले, त्याच साली पहिली वही सुरू झाली. पिक्चर पुरा पाहायचा आणि पाहिला तेवढाच लिहायचा, ऐकीव काही नाही, हा नेम तिथून आला. मी विचारलं, मग वडिलांचे शेवट तुम्हाला आठवतात का? साब हसले. म्हणाले, आठवतात की, मोठेपणी ते पिक्चर पुरे पाहिले तेव्हा कळलं, बापाचेच शेवट बरे होते. हे मात्र त्यांनी कोणत्याच वहीत लिहिलं नाही.

दर जानेवारीतल्या पहिल्या रविवारी आमच्या मराठी वाचनालयात सालाची वही वाचली जायची. हा कार्यक्रम कोणी ठरवला नव्हता, तो आपोआप सुरू झाला. कधीतरी साब वही घेऊन आले असताना कोणीतरी म्हणालं वाचा, आणि मग पायंडाच पडला. साब खुर्चीवर बसून पहिल्या शुक्रवारपासून शेवटच्या शुक्रवारपर्यंत ओळीनं वाचत. नाव, थिएटर, इंटरव्हल, मत. चढउतार नाही, हावभाव नाही, एखाद्या कारकुनानं यादी वाचावी तसं. आणि लोक पोट धरून हसत. एका सालात किती पिक्चर भाऊभाऊ हरवल्याचे आणि किती सापडल्याचे, कोणत्या महिन्यात सगळ्या हिरोंनी एकदम दाढी वाढवली, कधीपासून आया पिक्चरमधून नाहीशा झाल्या, हे सगळं त्या वाचनात आपसूक कळायचं. आमच्याच नात्यातले एक वकील एकदा उठून म्हणाले, मराठी वाचनालयात हिंदी सिनेमाची यादी कशाला? साबांनी चष्मा काढून शांतपणे सांगितलं, "साहेब, वही मराठीत हाय." वकील खाली बसले आणि पुढच्या वर्षापासून पहिल्या रांगेत बसू लागले. आता तिथं येणाऱ्या तरुण मुलांना साबांचं अक्षर वाचता येत नाही, मराठीच मुळात अडखळत वाचतात बिचारी, पण वही ऐकायला येतात. सालभरात आपण काय काय पाहिलं आणि विसरून गेलो, ते त्यांना त्या दिवशी कळतं.

थिएटरं बंद होती त्या साली मला वाटलं होतं की आता वहीत खंड पडणार. घराघरात लोक फोनवर, टीव्हीवर नवे पिक्चर पाहत होते. साबांच्या मुलानं पुण्याहून तशी सोयही करून दिली. साबांनी ते पाहिले, पण नोंदवले नाहीत. चार माणसं घराबाहेर निघून एका अंधारात येऊन बसली तरच पिक्चर रिलीज झाला म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या खेपेला वाचनालय उघडलं तेव्हा आम्ही नऊ माणसं होतो, नाकातोंडावर पट्ट्या बांधून लांब लांब बसलेली. साबांनी वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. शुक्रवार, तारीख, बंद. शुक्रवार, तारीख, बंद. त्यांनी एकही शुक्रवार गाळला नाही. पहिल्या चार-पाचांना कोणीतरी हसलं, मग कोणी हसलं नाही. त्या साली ज्या घरांतली माणसं गेली होती, त्यांचे तर डोळेच वाहू लागले. मी त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून मानलं, की हा छंद नव्हे, हा माणूस आपल्या सगळ्यांच्या वतीनं काहीतरी सांभाळतो आहे.

गेल्या उन्हाळ्यात साबांच्या किडन्यांनी हात टेकले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डोळेही अधू झाले. वही तेवढी भिंग लावून लिहीत. तीन तास थिएटरात बसणं अशक्यच झालं, आणि डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केली. मी भेटायला गेले तेव्हा ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. वहिनी म्हणाल्या, दोन शुक्रवार कोरे गेले, तेव्हापासून जेवणावर मन नाही. मी तोवर निवृत्त झालेच होते. न राहवून बोलून गेले, की तुमच्या वतीनं मी पाहते आणि तुम्हाला येऊन सांगते. त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं. नेम मोडत होता ना... एक्केचाळीस वर्षांचा. शेवटी उठून बसले, पट्टी मागून घेतली आणि वहीत एक नवा रकाना आखला. त्याला नाव दिलं, 'ऐकला'. मला म्हणाले, "ताई, एकच सांगतो. पुरा बघा. बघितला तितकाच सांगा." मी हो म्हटलं. शपथ घेतल्यासारखं म्हटलं.

मग माझे शुक्रवार सुरू झाले. सकाळचा खेळ पाहायचा आणि परस्पर अंबरपेठेला जायचं. पलंगाशेजारच्या खुर्चीत मी बसायची, पायाशी वहिनी, आणि साब उशीला टेकून डोळे मिटून ऐकायचे. पहिला प्रश्न ठरलेला, इंटरव्हल कुठं पडला? तो सांगितला की मग सुरुवातीपासून गोष्ट. मध्येच विचारायचे, की घराचा रंग कोणता होता, आई रडली तेव्हा उभी होती का बसलेली. मी तोंडघशी पडायची. पुढच्या वेळी डोळ्यांत तेल घालून पाहायची. साठीला टेकलेल्या माझ्यासारखीला पिक्चर पाहायला त्या चार-पाच महिन्यांत त्यांनी शिकवलं. पण खरं सांगते, कंटाळाही येत असे. किती वाईट पिक्चर निघतात एका सालात. एकेका आठवड्याला तीन तीन, आणि छोट्या पिक्चरचा एकच खेळ, तोही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रिकाम्या थिएटरात एकटी बसून मी घड्याळाकडे पाही आणि मनात म्हणे, याचा शेवट मी इथं बसूनही सांगू शकते.

सप्टेंबरात माझी मुलगी कॅनडाला परत निघाली होती. रविवारचं विमान. शुक्रवारी सकाळी मी थिएटरात जाण्याऐवजी बेगम बाजारात गेले. लाल तिखट, चिंच, शहाजिरं, मसाल्याचं सामान, मुलीची यादी हातभर होती. पिक्चर एकच होता त्या आठवड्यात. त्याची जाहिरात मी फोनवर पाहिली होती. एक निवृत्त हेडमास्तर आणि घर सोडून गेलेली त्याची मुलगी. वाटलं, यात काय कठीण आहे? दुपारी अंबरपेठेला गेले, वहिनींच्या हातात शहाजिऱ्याची पुडी दिली, घरात जास्तीची होती म्हणून सांगितलं, तिकीट हरवलं म्हटलं, आणि खुर्चीत बसून थाप मारायला सुरुवात केली. मग मास्तरला मी एसटीत बसवलं, तीन गावं फिरवलं, मुलीच्या दारापर्यंत नेलं. दाराशी गेल्यावर तो बेल वाजवत नाही, पायरीवर जरा बसतो आणि माघारी फिरतो. तिथं मी इंटरव्हल पाडला. घशाला इतकी कोरड पडली होती की वहिनींना पाणी मागितलं. पाणी प्याले आणि पुढं सांगत सुटले. शेवटी बापलेकीची भेट घातली. दोघं काहीच बोलत नाहीत, मुलगी नुसता चहा टाकते, आणि मास्तर सांगतो की साखर कमी टाक, मला आता चालत नाही. हे मला सुचलं कुठून? परवा जाणारी माझी मुलगी डोळ्यांसमोर होती, दुसरं काय? साबांनी कधी नव्हे ते मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. डोळे मिटूनच म्हणाले, "बरा हाय पिक्चर." मी सुटले.

रविवारी विमानतळावरून परतताना चौकातल्या भिंतीवर त्या पिक्चरचं पोस्टर दिसलं. तारखेवर कागद चिकटवला होता. 'लवकरच.' पिक्चर लागलाच नव्हता. शेवटच्या क्षणी पुढं ढकलला होता. न पाहिलेला पिक्चर सांगितला असता तर तो आळस झाला असता. मी तर नसलेलाच पिक्चर सांगून बसले होते, आणि तोही रजेच्या अर्जावरसुद्धा खोटं न लिहिणाऱ्या माणसाला. त्यांनी तो वहीत लिहिला असणार. जानेवारीत भरल्या सभेत ते वाचणार, आणि कोणीतरी पोरगा उठून म्हणणार की साब, हा तर आलाच नाही. सगळी सभा हसणार. लहानपणी वर्ग हसला होता तशी... मी त्यानंतरच्या प्रत्येक शुक्रवारी ठरवून जाई की आज सांगून टाकायचं. पण ते दर वेळी आणखी थकलेले दिसत, माझी चाहूल लागली की तोंडावर हसू येई, आणि माझा धीर सुटे. त्यांनीही कधी विषय काढला नाही. पेपर त्यांना वाचता येत नव्हता, तेव्हा कळलं नसावं, अशी मी समजूत करून घेतली. असे आठ शुक्रवार गेले. नववा मी वर सांगितलाच.

साब गेल्यावर वाचनालयातल्या लोकांनी मला गळ घातली, की यंदाची वही तुम्हीच वाचा. वहिनींनी वही आणून माझ्या हाती दिली. पंधरा दिवस मी ती कपाटातून काढली नाही. डिसेंबरात तो हेडमास्तरचा पिक्चर खरंच लागला. पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला मी गेले, जणू आरोपी आपणहून कोर्टात हजर झाला. पिक्चरमधला मास्तर पूर्वी गुप्तहेर होता असं निघालं. इंटरव्हलला त्यानं ट्रकवरून मोटार उडवली. मुलगी शेवटी त्याला मिठी मारून इंग्रजीत काहीतरी म्हणाली. बाहेर आले ती थेट अंबरपेठेला गेले, वही बरोबर घेऊनच. म्हटलं, वहिनींसमोर कबूल करायचं आणि त्यांच्यासमोरच ती ओळ दुरुस्त करायची. साबांच्या पलंगाशेजारच्या त्याच खुर्चीत बसून मी सगळं सांगितलं. वहिनी ऐकत होत्या, आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. साबांना पेपर वाचता येत नव्हता, पण दर शुक्रवारी सकाळी पिक्चरच्या जाहिराती वहिनी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत. त्या शुक्रवारीही दाखवल्या होत्या. साब म्हणाले होते, पिक्चर पुढं गेला, आज ताईंना सुट्टी. दुपारी मी दारात उभी राहिले तेव्हा वहिनी मला सांगणारच होत्या, तर साबांनी हातानं थांबवलं. "मी गेल्यावर विचारलं नाही का त्यांना, का ऐकून घेतलं म्हणून?" मी म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "विचारलं की. म्हणले, लई दिसांनी कुणीतरी माझ्यासाठी रचून सांगितलं." मग त्यांनी माझ्या मांडीवरची वही घेतली आणि ते पान उघडून समोर धरलं.

तारीख त्याच शुक्रवारची. पिक्चरचं नाव. थिएटरच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आपलं घर, अंबरपेठ'. तिकिटाच्या जागी डिंकानं व्यवस्थित चिकटवलेलं होतं शहाजिऱ्याच्या पुडीवरचं लेबल, बेगम बाजारातल्या दुकानाच्या नावासकट. 'ऐकला'पुढं बरोबरची खूण. इंटरव्हल, 'ताईंनी पाणी मागितलं तिथं'. आणि मत, भिंगाखाली लिहिलेल्या थरथरत्या अक्षरात, 'पिक्चर आलाच नाही. गोष्ट बरी. बाप आठवला.' वहीत खोटी ओळ नव्हती. साबांनी जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहिलं होतं, नेहमीसारखं. मला रडू आवरेना. वहिनींनी आवरूही दिलं नाही.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी मी वही वाचली. ती ओळ गाळता आली असती, कोणाला कळलंही नसतं. पण मी वाचली, लेबलासकट वाचली, आणि बेगम बाजाराचा सगळा किस्साही सांगितला. लोक हसले. पहिल्या रांगेतले आमचे वकील नातेवाईक तर डोळे पुसत हसले. त्या ओळीखाली मी माझ्या अक्षरात खऱ्या पिक्चरची नोंद केली आहे, 'पाहिला. आधी सांगितलेला बरा होता.' आणि साब गेले त्या दिवशीच्या पिक्चरपुढं, 'अर्धा. इंटरव्हलला फोन आला.' तेवढीच माझी भर.

नव्या सालाची वही साबांनी ऑक्टोबरातच आणवून ठेवली होती. वहिनींनी ती मला दाखवली. बावन्न शुक्रवारांच्या तारखा घालून तयार, आणि रकाने सगळे आखलेले, 'मत'च्या शेजारी 'ऐकला' कायमचा. आता ती वही साबांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर असते आणि आम्ही दोघी चालवतो. गेल्या शुक्रवारी दोन पिक्चर एकाच वेळी लागले, शहराच्या दोन टोकांना. वहिनी म्हणाल्या, एक तुम्ही बघा, एक मी बघते, दुपारी बसून एकमेकींना सांगू. मी म्हटलं, आणि मी परत न बघताच सांगितला तर? त्या चिवड्याचा डबा भरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मग पाणी आणून देईन की वो."